चौदा नंबरची माणसं

सतरावी टाचणी काही बसेना. मास्तरांनी ती दोनदा टोचून पाहिली आणि दोन्ही वेळा शेजारची एक टाचणी उडून जमिनीवर पडली. भिंतीवरच्या नकाशात ते घर हरभऱ्याच्या दाण्याएवढं, आणि त्यावर सोळा डोकी आधीच एकमेकांना खेटून उभी होती. लाल म्हणजे आजारी, काळी म्हणजे गेलेला. या सोळांत तीन काळी होती.

"हातोडी आणून देऊ का?" मागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"जागाच नाही, बाई."

"नकाशावर नाही की घरात नाही?"

मास्तर वाकून पडलेली टाचणी शोधू लागले. उत्तर द्यायचं नसलं की ते काहीतरी शोधू लागत, ही त्यांची जुनी सवय.

ते मूळचे पाणीखात्याचे. एकतीस वर्षं त्यांनी शहराच्या पोटातले नळ कागदावर काढले. कोणत्या गल्लीत कोणती तोटी गळते हे त्यांना असं ठाऊक, जसं आईला लेकराच्या अंगावरचे तीळ ठाऊक असतात. साथ आली तेव्हा लक्षात आलं की घरन् घर दाखवणारा नकाशा शहरात एकच आहे, पाणीखात्याचा. मग नकाशाही आला आणि नकाशामागून माणूसही आला. आरोग्य कचेरीत त्यांना आल्या दिवसापासून टाचणीमास्तर म्हणू लागले. काम साधं. दवाखान्यांतून पत्ते येत, बाई ते वहीत उतरवत, मास्तर टाचणी टोचत. संध्याकाळी वहीतली माणसं आणि भिंतीवरच्या टाचण्या जुळवायच्या. जुळल्या की बाई सही करत आणि वही मोठ्या साहेबांकडे जाई.

"एका घरात दहाच्या वर आजारी झाले की काय करायचं, हुकूम पाठ आहे ना?" बाई म्हणाल्या. "गल्ली बंद. घरात जे कोणी उरलं असेल त्यांची उचलून शाळेच्या हॉलमध्ये रवानगी. चार वाजता गाडी जाईल."

"घरात उरलंय कोण?"

बाईंनी कागद चाळले. तीन महिन्यांत त्यांच्या डोळ्यांखाली शाई सांडल्यासारखं काळं झालं होतं. "एक म्हातारी. कपडे सांधून देते. शेजाऱ्यांची तक्रार आहे, तिच्याकडे आठवड्यातून एकदा गाणारी मंडळी जमायची. देवाची गाणी. आता सतरा जण एका खोलीत आ वासून गायला बसले, तर रोगाला वेगळं आमंत्रण कशाला हवं?"

मास्तरांना टाचणी सापडली होती, पण ते उठले नाहीत.

"अर्ध्या इंचाची जोडणी आहे त्या घराला," ते खालूनच म्हणाले.

"बरं मग?"

"मीच काढलीय. एक खोली, एक नळ. सतरा माणसं अर्ध्या इंचावर कशी भागवतील?"

मास्तरांनी आपल्या जुन्या कचेरीत फोन लावला. पलीकडचा मित्र आधी त्यांना टाचणीवरून चिडवत बसला, मग मीटरची नोंद पाहून आला. महिन्याला दोन हजार लिटर. मागच्या महिन्यातही तेवढंच, त्याच्या मागच्या महिन्यातही तेवढंच.

"हे एकट्या माणसाचं पाणी आहे, बाई. सतरा जण काय जिभेनं अंघोळ करतात?"

डॉक्टरीणबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि तसंच विझलं. "फोन नाही तिथं. माझी माणसं दारावर खडूची फुली मारून, आत न डोकावताच परत आली. आपण सगळे उंटावरून शेळ्या हाकतोय, मास्तर." त्यांनी घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता. "जाऊन या. पावणेचारला मला या खुर्चीत दिसा. नाहीतर मी सही करून मोकळी."

मास्तर साथ आल्यापासून कचेरी आणि घर सोडून कुठं गेले नव्हते. घरी बायको दमेकरी. ती त्यांना रोज उंबऱ्याबाहेरच कपडे उतरवायला लावी आणि तोंडावर ओलं फडकं बांधून दुरून विचारी, "आज किती टोचल्यात?" त्यांनी आकडा सांगितला की ती आत जाऊन बसे. जाताना जिन्यात त्यांना तिची आठवण झाली. पाय दोन पायऱ्यांवर अडखळले, मग उतरले.

गल्ली सुनी होती. चौदा नंबरच्या दारावर खडूची फुली, आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीत एक गृहस्थ, नाकावर रुमाल.

"ओ, कुठं निघालात? तिथं मरण आहे."

"किती माणसं राहतात इथं?"

"सतरा जण आजारी पडलेत."

"ते मलाही माहीत आहे. राहतात किती?"

"राहते ती म्हातारीच. पण येत असतील. चोरून येत असतील."

"कुणाला नेताना पाहिलंत?"

"पाहायला कशाला हवं?" गृहस्थ दुखावले. "वर्तमानपत्रात आलंय."

खिडकी लागली. मास्तर दार वाजवायला पुढं झाले आणि थांबले. आतून गाणं येत होतं. म्हाताऱ्या, पण सुरातल्या गळ्याची एक ओळ. ओळ संपली आणि शांतता झाली. मास्तरांना वाटलं, संपलं. तर दुसरी ओळ सुरू झाली, आणि तीही संपून तेवढाच वेळ शांतता. चौथ्या खेपेला त्यांच्या ध्यानात आलं. पुढची ओळ एकीनं म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, असं ते गाणं होतं. बाकीचे नव्हते. ती त्यांची जागा मोकळी सोडून पुढं जात होती.

त्यांनी दार वाजवलं.

दार उघडून म्हातारीनं आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"गाठोडं नाही आणलंत," ती म्हणाली. "म्हणजे चौथा कुणी गेला नाही. या. लांब बसा. मला काही झालेलं नाही, पण तुम्ही कुठून कुठून फिरून आलात ते मला कसं कळावं?"

खोली एकच. शिवणयंत्र, खाट, पत्र्याचा एक डबा, कोपऱ्यात पाण्याची बादली. आणि भिंतीशी तीन गाठोडी, एका ओळीत. कडेच्या गाठोड्याची गाठ सुटलेली, त्यातला निळा शर्ट यंत्रावर पसरलेला. दवाखाना मेलेल्याचं सामान घरच्या पत्त्यावर पाठवतो, हे मास्तरांना वहीतून ठाऊक होतं. पाठवलेलं सामान कुठं तरी पोचतही असेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

"मावशी, मी पाणीखात्याचा, नकाशे काढणारा. सध्या आरोग्य कचेरीत नकाशावर आजाऱ्यांच्या टाचण्या टोचतो. हे तुमचे कोण?"

"पत्त्याचे."

"म्हणजे?"

"म्हणजे पत्ता माझा, माणसं परमेश्वराची." ती पुन्हा यंत्रापाशी बसली. "फार वर्षांमागं एक डावखुरा हमाल सदरा सांधायला आला होता. म्हणाला, मावशी, आई पत्र पाठवील म्हणते, पण पाठवील कुठं? म्हटलं, माझा पत्ता दे. त्याला एकदा दिला. त्यानं दुसऱ्याला दिला. दुसरा काय गप्प बसतो?" तिनं डब्यावर बोट वाजवलं. "ही सगळी पत्रं. सुटी मिळेल तसे येतात, घेऊन जातात. काही मंडळी गायला बसायची. साथ आल्यापासून मीच सांगितलं, पाय ठेवू नका. एकही आलेला नाही."

"आणि दवाखान्यात सतराही जणांनी हाच पत्ता सांगितला."

"न सांगून करतील काय? पत्ता नसला तर खाट देत नाहीत ना तुम्ही."

ते खरं होतं. ज्या भागाचा माणूस, त्या भागाची खाट. ज्याला भागच नाही त्याला शहराबाहेरच्या मैदानावर तंबूत नेत. तिथून येणाऱ्या कागदांवर मास्तरांच्या पेटीतल्या काळ्या टाचण्या फार लवकर संपत.

"सतरा जणांना तुम्ही पत्ता देत बसलात," मास्तर म्हणाले. "कुणाकुणाला, हे तरी लक्षात आहे?"

"पत्ता काय, दिल्यानं झिजतो?" तिनं शर्टाचं बटण दोऱ्यात ओढून घट्ट केलं. "हा निळा शर्टवाला तर मी कधी पाहिलेलाच नाही. उंच असावा. बाही केवढी आहे पाहा."

"मग बटण कशाला लावताय?"

"तुटक्या बटणाचा शर्ट घरचं माणूस ठेवतं का कधी?" ती म्हणाली. मग आवाज उतरवून, जणू स्वतःशीच, "गावी कुणी असेल. येईल विचारत. आलं तर इथंच येणार, दुसरीकडे कुठं जाणार?"

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. अडीच.

"मावशी, ही माणसं झोपतात कुठं?"

तिचा हात थांबला. "पाणीखात्याचे म्हणवता आणि विचारता पोलिसासारखं."

"मला टाचणी खऱ्या जागी टोचायची आहे. चार वाजता गाडी येईल. तुम्हाला नेतील, गल्ली बंद करतील. आणि ज्या जागी रोग आहे ती जागा तशीच राहील."

"मला नेऊ देत. सांगितलं तर त्या चौदा जणांना खाटेवरून उठवतील. उठवणार नाहीत, असं वचन देता?"

मास्तर देवाधर्माचे होते. ज्याची हमी नाही ते त्यांच्या जिभेवर येत नसे.

"माझ्या नोकरीच्या फायलीत," ते शेवटी म्हणाले, "राहण्याचा पत्ता म्हणून एका न्हाव्याचं दुकान आहे. मी शहरात आलो तेव्हा त्याच्या फळीवर झोपायचो. फाईल आजही तशीच आहे. दुकान पाडून अठरा वर्षं झाली."

म्हातारीला हसू फुटलं, पदरात तोंड घालून हसली. "म्हणजे शहराचा नकाशा काढणाराच बेपत्ता."

"तसंच समजा."

"बाजारामागचं बटाट्याचं गोदाम," ती म्हणाली. "सतराही जण तिथलेच. संचारबंदी लागल्यापासून मुकादम संध्याकाळी बाहेरून कडी लावतो, पोलिसांची कटकट नको म्हणून. आत अजून चाळीसेक जण आहेत."

मास्तर उभे राहिले. ते गोदाम त्यांना ठाऊक होतं. खिडकी नाही. आत पाण्याची जोडणी नाही. नळ एकच, बाहेरच्या भिंतीवर. कडी लागली की तोही दाराच्या पल्याड.

त्यांच्या तोंडावर काय उमटलं असेल ते म्हातारीनं वाचलं.

"म्हणजे मी पत्ता दिला नसता," ती सावकाश म्हणाली, "तर तुम्ही तिकडे आधी पोचला असता."

"पत्ता दिला नसता तर हे चौदा जण आज तंबूत असते."

"दोन्ही खरं असेल," ती म्हणाली. तिनं सुई शर्टात तशीच खोचली आणि हात मांडीवर ठेवले. मास्तर दाराबाहेर पडले, गल्लीच्या टोकाला पोचले, तरी पुन्हा गाणं सुरू झालं नाही.

कचेरीत आल्यावर ते कुणाशी न बोलता नकाशापुढं उभे राहिले. चौदा नंबरवरच्या टाचण्या एकेक उपटून त्यांनी बाजारामागच्या रिकाम्या चौकोनात टोचल्या. सतरावीही बसली. गोदाम ऐसपैस होतं. जुन्या घराच्या जागी कागदाची चाळण झाली होती, तिच्यातून मागची भिंत दिसत होती.

बाईंनी उभ्याउभ्याच ऐकून घेतलं. मधे एकदाच बोलल्या, "बाहेरून कडी?" मग फोन उचलला आणि चारची गाडी गोदामाकडे वळवली. दोन गाड्या आणखी मागवल्या. फोन ठेवल्यावर त्या वहीपुढं बसल्या.

"आता हे निस्तरा. वहीत चौदा नंबर, भिंतीवर गोदाम. सहा वाजता साहेब येणार. भिंतीवरच्या टाचण्या ते नुसत्या मोजतात, पण वहीतले पत्ते वाचतात."

"वहीतही गोदाम लिहिलं तर?"

"गोदाम म्हणजे काही राहण्याची जागा नव्हे. तसं लिहिलं की सगळे बेपत्ता. उद्या सकाळी खाटा मोकळ्या करा म्हणून हुकूम." त्यांनी पेन टेबलावर आपटलं. "आणि सगळ्यांना चौदा नंबरवरच ठेवलं तर उद्या म्हातारी हॉलमध्ये. इकडे आड, तिकडे विहीर."

पंखा कुरकुरत फिरत होता. मास्तरांनी टाचण्यांची पेटी उघडली, बंद केली.

"माझ्याकडे दोन खोल्या आहेत," ते म्हणाले. "पाऊण इंचाची जोडणी. चौघांना पाणी पुरेल."

बाईंनी मान वर केली. "घरी विचारलंत?"

"नाही."

"हे हात दाखवून अवलक्षण आहे, मास्तर. उद्या तुमच्याच दारावर फुली आली तर?"

"दहाच्या वर गेले तर येईल. चारच लिहा."

बाईंनी पेन उचललं. मग वही पुढं ओढली. चार नावांपुढं मास्तरांचा घरनंबर लिहिला. पाच नावं चौदा नंबरवरच राहू दिली. उरलेल्या पाचांपुढं त्यांनी जो पत्ता लिहिला तो मास्तरांनी ओळखला. रोज रात्री गाडी बाईंना सोडायला तिथंच जाई.

"माझं घर मोठं आहे," त्या वहीतून मान न काढता म्हणाल्या. "नांदतं तसंही कुणी नाही." आणि थोड्या वेळानं, "ही लबाडी आहे, मास्तर."

"हो."

"तुम्हाला झोप लागेल?"

"नकाशा खरा आहे," मास्तर म्हणाले. झोपेचं त्यांनी काही सांगितलं नाही.

गोदामातून त्रेचाळीस माणसं बाहेर काढली. एकोणीस जणांना ताप होता. दवाखान्यात नाव, वय, पत्ता विचारला तेव्हा एकोणीसही जणांना एकच पत्ता तोंडपाठ निघाला. त्या संध्याकाळी शिपायाच्या घरी, ड्रायव्हरच्या घरी आणि टेलिफोनवरच्या मुलीच्या घरी पाहुणे आले. वहीत आले. शिपाई म्हणाला, "आमच्या म्हातारीला विचारलं तर ती म्हणेल, जेवायला किती?" आणि कुणीच हसलं नाही. सहा वाजता साहेबांनी आकडे जुळवले. आकडे जुळले.

मास्तरांनी घरी काही सांगितलं नाही. बायको दुरून विचारी, "आज किती?" ते आकडा सांगत. आपल्या घरावर चार जण आहेत हे सांगायला रोज जिभेवर येई, आणि रोज तिचा श्वास ऐकून ते गिळून टाकत. वहीत त्या चार नावांवरून मात्र रोज एकदा बोट फिरवत. आठव्या दिवशी एक जण बरा झाला. नवव्या दिवशी सुटी होती, मास्तर घरी होते.

सकाळी दार वाजलं ते बायकोनं उघडलं. उंबऱ्याबाहेर गाठोडं ठेवून दवाखान्याचा माणूस चार हात मागं सरून उभा होता.

"घरचं कोण आहे?"

बायकोनं दुरूनच चिठ्ठी वाचली. घरनंबर बरोबर होता. नाव अनोळखी. तिनं मागं वळून पाहिलं. मास्तर आतल्या दारात उभे होते.

"हा कोण?"

एक ओळ गाऊन व्हावी इतका वेळ गेला.

"आपल्याकडचा," मास्तर म्हणाले.

"कधीपासून?"

"नऊ दिवस झाले."

दवाखान्याच्या माणसानं अंगठा मागितला नाही, सही मागितली नाही. मान हलवली आणि निघून गेला. बायको दाराला धरून उभी राहिली. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मास्तर वाट पाहत होते, कशाची ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"उन्हात ठेवा," ती शेवटी म्हणाली. "हात धुवा."

गाठोडं दिवसभर गच्चीवर उन्हात पडून होतं. ती त्या दिवशी त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. दुपारी झोपलीही नाही. ऊन कलल्यावर तोंडाला फडकं बांधून तीच वर गेली, आणि बराच वेळ खाली आली नाही. मास्तर वर गेले तेव्हा गाठोडं सुटलेलं होतं. एक विजार, एक फणी, एक सदरा. सदरा तिनं दोन्ही हातांनी समोर धरला होता.

"जरा हात पुढं करा," ती म्हणाली.

मास्तरांनी हात पुढं केला. तिनं तो सदरा त्यांच्या खांद्याशी लावून पाहिला. बाही मनगटापर्यंतही पोचली नाही.

"बुटकाच होता बिचारा," ती म्हणाली. सदरा उलटा करून तिनं काख पाहिली, शिवण उसवली होती. ती खाली बसली आणि कमरेची पिशवी चाचपून दोऱ्याचं रीळ काढलं.

"सुई ओवून द्या. मला हल्ली बारीक दिसत नाही."

मास्तरांनी सुई घेतली आणि ती उजेडाकडे धरली.